सिंह किती जवळून आणि किती रुपयांत: सुरतहून सफारीला निघण्याआधीचा हिशोब

आबांनी कागद टीपॉयवर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर चष्म्याची डबी ठेवली. "वाच. केनिया, सहा रात्री, माणशी एक लाख एकोणपन्नास हजार. सिंह जवळून दाखवतो म्हणाला." स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "एवढ्यात धाकट्याच्या खोलीवर स्लॅब पडेल."

आबा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये पस्तीस वर्षं होते. आता दिंडोलीत राहतात, वय बासष्ट. थोरल्याचं रिंग रोडच्या मार्केटात साड्यांचं दुकान आहे आणि आई-वडिलांना एकदा परदेशी पाठवायचं हे त्यानेच मनावर घेतलंय. उधना, लिंबायत, दिंडोलीकडच्या आपल्या खानदेशी घरांत हल्ली हे बरंच दिसतं. पहिल्या पिढीने सुट्टी म्हणजे ताप्ती लाइनच्या गाडीने गावी जाणं एवढंच पाहिलं, दुसरी पिढी कोटेशन आणून टेबलावर ठेवते. आणि कोटेशन वाचायचं काम माझ्यासारख्या शेजाऱ्याकडे येतं.

मी कागद उलटा करून पाहिला. एजंटचा कागद मी नेहमी मागच्या बाजूने वाचायला घेतो. बारीक अक्षरांत तिथे लिहिलं होतं: विमानभाडं, व्हिसा, विमा, पार्क फी "लागू असेल तशी", टिप, पाणी, जीएसटी आणि टीसीएस वेगळे. म्हणजे एक लाख एकोणपन्नास हजारांत उरलं काय? गाडी, तंबू आणि जेवण. त्यातही गाडी कोणती ते लिहिलं नव्हतं.

पुढचा हिशोब आबांसाठी केला, तोच इथे देतो. डॉलर ९० रुपयांचा धरला आहे. सरकारी फी जशी जाहीर आहे तशी लिहिली आहे, हॉटेल-गाडीचे आकडे बाजारात साधारण सांगतात ते आहेत. बुकिंगच्या दिवशी ते पुन्हा विचारून घ्यायचे.

गेटवरची फी आणि आपलं दिवाळीचं वेकेशन

मसाई माराची प्रवेश फी २०२४ पासून दोन भावांची झाली आहे. परदेशी प्रौढाला १ जानेवारी ते ३० जून दिवसाला १०० डॉलर, १ जुलै ते ३१ डिसेंबर २०० डॉलर. नऊ ते सतरा वर्षांच्या मुलांना वर्षभर ५० डॉलर, त्याहून लहानांना फुकट. पूर्वी तिकीट चोवीस तासांचं असायचं. आता ते सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं.

आता आपलं कॅलेंडर पाहा. सुरतेची मोठी सुट्टी दिवाळीला. लाभपाचमेपर्यंत कापड मार्केट बंद, हिऱ्याचे कारखाने तर तीन-तीन आठवडे बंद. त्यामुळे घरोघरी सहल निघते ती ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात. त्या वेळी मारात भाव दोनशेचा असतो. आणि तो भाव ज्यासाठी वाढवला आहे, ते विल्डबीस्टचे लाखोंचे कळप मारा नदी ओलांडतात जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान. नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू होतो आणि कळप दक्षिणेला, टांझानियातल्या सेरेंगेटीकडे वळलेले असतात. म्हणजे जत्रा उठल्यावर जायचं आणि पार्किंग जत्रेच्या दराने भरायचं.

सिंह मात्र कळपांमागे जात नाहीत. त्यांचे इलाके ठरलेले असतात, ते वर्षभर तिथेच. हत्ती, जिराफ, चित्ते, तरस, पाणघोडे हेही. नदी ओलांडण्याचं ते दृश्यच पाहायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरला पर्याय नाही आणि दुप्पट फी भरायला हरकत नाही. आबांना सिंह पाहायचा आहे. मग शंभर डॉलरच्या सहामाहीत का जाऊ नये? मार्च ते मे लांबलचक पाऊस असतो, तो टाळायचा. राहिले दोन मोके. एक, जानेवारी-फेब्रुवारी: कोरडी हवा, गवत बसलेलं, जनावर लांबून दिसतं. दुसरा, जूनचा महिना: पाऊस ओसरलेला, फी अजून शंभरच. शाळेतली नातवंडं बरोबर असतील तर उन्हाळी सुट्टीचा शेवटचा आठवडा साधतो. माझं मत जानेवारीच्या बाजूने, उतरायणाचे पतंग उडवून झाले की.

फीमध्ये आणखी एक ठिकाणी पैसे वाचतात आणि एजंट ते सहसा सांगत नाही. नैरोबीहून मारा गाडीने पाच-सहा तास. तुम्ही दुपारी तीनला पोचता आणि "चला, लगेच एक राउंड मारू" म्हणून आत शिरलात की त्या तीन तासांना पूर्ण दिवसाचं तिकीट लागतं. गेटबाहेरच्या कॅम्पात उतरलात तर पहिल्या दिवशी आत जाऊच नका. चहा घ्या, पाय मोकळे करा, दुसऱ्या दिवशी सहाला गेट उघडताच आत. तीन रात्रींत दोन पूर्ण दिवस मिळतात आणि तिकिटंही दोनच लागतात. कॅम्प अभयारण्याच्या आत असेल तर हे जमत नाही. परतीच्या दिवशीही सकाळी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एक तिकीट.

अंबोसेली आणि नाकुरू ही केनिया सरकारच्या वन्यजीव खात्याची उद्यानं. त्यांचा माणशी ६० डॉलरचा जुना आकडा अजून अनेक कोटेशनांत फिरतोय. दर बदलले आहेत, नवा आकडा लेखी घ्या.

"जवळून" म्हणजे काय, ते गाडीवर ठरतं

आबांचा आग्रह "जवळून"चा. मारात नियम आहे की जनावरापासून पंचवीस मीटरच्या आत गाडी न्यायची नाही, एका ठिकाणी पाचपेक्षा जास्त गाड्या उभ्या करायच्या नाहीत आणि रस्ता सोडून गवतात घुसायचं नाही. गर्दीच्या दिवसांत नियम वाकवणारे ड्रायव्हर असतात, त्यांना दंडही होतो. "ड्रायव्हरला थोडे दिले की तो नेईल" असं सांगणारा एजंट दिसला तर उठून या. जनावर मात्र आपल्या मर्जीने जवळ येतं. गाडीच्या सावलीत येऊन बसलेला सिंह तिथे नवलाचा नाही.

म्हणून पैसे घालायचे ते गाडीत. सफारीच्या गाड्या दोन तऱ्हेच्या. छत वर उचलणारी मिनी व्हॅन, ड्रायव्हर-डिझेलसह दिवसाला साधारण १२० ते १५० डॉलर. आणि फोर बाय फोर लँड क्रूझर, २२० ते ३०० डॉलर. ही रक्कम गाडीची, माणशी नव्हे. चौघांत वाटली तर दिवसाला तीस-चाळीस डॉलरचा फरक पडतो. व्हॅन चिखलात अडकते, बुटकी असते, आणि ग्रुप टूरमध्ये सहा-सात जणांना कोंबून नेते. सिंह डावीकडे असला की उजवीकडचे तिघं फक्त पुढच्याच्या बगलेतून बघतात. कोटेशनमध्ये हे शब्द लिहून घ्या: "फोर बाय फोर लँड क्रूझर, फक्त आमच्यासाठी, प्रत्येकाला खिडकी." तोंडी "जीप मिळेल काका" याला किंमत शून्य. मागे एकदा आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला असंच सांगितलं होतं. नैरोबीत समोर आली ती दहा जणांची व्हॅन, आणि तक्रारीचं उत्तर मिळालं, "काका, छत तर उघडतंय ना?"

खरोखरच आणखी जवळून, गर्दीशिवाय पाहायचं असेल तर माराला लागून असलेली खासगी संरक्षित क्षेत्रं आहेत: मारा नॉर्थ, नाबोईशो, ओलारे मोटोरोगी. जमीन मसाई कुटुंबांची, कॅम्पवाले त्यांना भाडं देतात आणि गाड्यांची संख्या मोजकी ठेवतात. तिथे रस्ता सोडून जाता येतं, रात्रीची सफारी होते, मसाई वाटाड्याबरोबर पायीही फिरता येतं. भाव माणशी रात्रीला चारशे डॉलरपासून हजारापर्यंत, त्यात बहुधा सगळं आलं. तीन स्वस्त रात्रींऐवजी एक रात्र इथे काढणं मला जास्त पटतं, पण मी काही काकूंच्या स्लॅबचा पैसा खर्च करत नाहीये.

बलूनची सफर माणशी साधारण ४५० ते ५५० डॉलर. तासभर हवेत, मग गवतावर नाश्ता. फोटो झकास येतात. जनावर मात्र वरून मुंगीएवढं दिसतं.

चौघांचा हिशोब, माणशी

दोन जोडपी, एक लँड क्रूझर, पाच रात्री सहा दिवस: नैरोबी एक, नैवाशा एक, मारा तीन. शंभर डॉलरच्या मोसमात.

सुरतला विमानतळ आहे, २०२३ च्या डिसेंबरात नवं टर्मिनलही झालं, पण नैरोबीचं विमान मुंबईहूनच. पहाटेची फ्लाइंग राणी किंवा दुसरी कुठली गाडी, पुढे टॅक्सी, जाऊन-येऊन ३,००० रुपये. मुंबई–नैरोबी थेट विमान साडेसहा तासांच्या आसपास, परतीसह ३५ ते ४५ हजार, मधला ४०,००० धरू. केनियात आता व्हिसा नाही, जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन प्रवासपरवाना आहे, ३० डॉलर अधिक प्रक्रिया शुल्क, म्हणजे ३,०००. लस आणि विमा २,५००. गाडी २५० डॉलरने सहा दिवस, चौघांत वाटून ३३,७५०. माराची दोन तिकिटं १८,०००. मारात मध्यम दर्जाचा तंबू जेवणासह माणशी रात्रीला १५० डॉलर, नैवाशाला ८०, नैरोबीत ५०, मिळून ५२,२००. नैवाशाच्या तळ्यात पाणघोडे पाहायला होडी २,५००. टिप ५,०००. पाणी आणि किरकोळ ५,०००.

बेरीज १,६४,९५०. हीच सहल ऑगस्टात केली तर फीचे १८,००० वाढतात आणि तंबूही महागतात, म्हणजे आकडा दोन लाखांच्या घरात. आबांच्या कागदावरच्या एक लाख एकोणपन्नासला मागच्या पानावरचं सगळं जोडलं तेव्हा आकडा दोन लाखांच्या बराच पुढे गेला. कागद होता दिवाळीचा आणि व्हॅनचा.

भारतीय एजंटकडून पूर्ण पॅकेज घेतलं की पाच टक्के जीएसटी लागतो आणि वर टीसीएस. २०२५-२६ मध्ये परदेशी पॅकेजवर दहा लाखांपर्यंत पाच टक्के टीसीएस होता. बजेटमध्ये हा दर हलत राहतो, पैसे भरताना चालू वर्षाचा विचारा. जीएसटी गेला तो गेला. टीसीएस हा आगाऊ कापलेला आयकर, रिटर्न भरून परत मिळतो किंवा करातून वळता होतो. पण ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. आबांच्या नावाने कापला आणि आबा रिटर्नच भरत नाहीत, असं करू नका. पैसे थोरल्याच्या खात्यातून जाणार असतील तर पावतीवर पॅन कोणाचा ते आधी ठरवा.

रस्त्याचा शेवटचा तुकडा खडबडीत आहे आणि काकूंच्या कमरेला तो सोसणार नाही असं वाटलं, तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान पाऊण तासात माराला पोचवतं. एका बाजूचे साधारण दोनशे डॉलर. सामान पंधरा किलो, तेही मऊ पिशवीत; चाकांची कडक बॅग ते घेत नाहीत.

लस, नोटा आणि प्लॅस्टिकची पिशवी

पिवळ्या तापाच्या लशीबद्दल घोळ फार. भारतातून थेट जाणाऱ्याला केनियात शिरताना ती दाखवावी लागत नाही, कारण भारतात हा रोग नाही. ती लागते परतताना. केनिया आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या यादीत आहे आणि तिथून लशीचं पिवळं कार्ड न घेता उतरलात तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. ती फक्त मान्यताप्राप्त केंद्रांत मिळते, सरकारी केंद्रात तीनशे रुपयांच्या आसपास. तिथे आधी तारीख घ्यावी लागते. नेहमीच्या दवाखान्यात टोचून घेतली आणि कार्ड मिळालं नाही, तर तिचा उपयोग नाही. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं. आबा बासष्टचे, म्हणून मी हे दोनदा सांगितलं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

प्रवासपरवाना काढताना सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी "गो डॉट केई" आहे ना ते पाहा. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

डॉलरच्या नोटा नव्या घ्या. जुन्या सालाच्या, दुमडलेल्या किंवा शिक्का पडलेल्या नोटा तिथे दुकानदार परत करतात. २०१३ नंतरच्या मालिकेच्या मागून घ्या. पार्क फी रोखीने घेत नाहीत, ती ऑनलाइन किंवा कार्डाने भरतात, बहुतेक वेळा तुमचा ऑपरेटरच. त्याच्याकडून पावती मागा, कारण तिकीट तुमच्या नावाचं असतं.

आणि आपलं फरसाण. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती तिथे खरोखर पाळतात. २०२० पासून उद्यानांत एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. आपण बॅगेत काय भरतो? थेपले पिशवीत, खाकरा पिशवीत, चप्पल पिशवीत, ओले कपडे पिशवीत. हे सगळं कापडी पिशव्यांत आणि स्टीलच्या डब्यात हलवायचं. शाकाहारी जेवणाची चिंता नको. नैरोबीत गुजराती वस्ती शतकभराहून जुनी आहे आणि कॅम्पना आधी कळवलं तर कांदा-लसणाशिवायही करून देतात.

स्वेटर घ्या. मारा दीड हजार मीटरहून उंच आहे. सकाळी सहाला उघड्या छतातून वारा लागला की सुरतेचा माणूस गारठतो.

टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका, थोडक्यात

टांझानिया मोठा आणि महाग. सेरेंगेटीची फी मोसमात ७० डॉलर, वर १८ टक्के कर, म्हणजे ८२ डॉलर ६० सेंट. न्गोरोंगोरोच्या विवरात उतरायला माणशी फीशिवाय गाडीमागे २५० डॉलर अधिक कर, २९५. चौघांत ते बसतं, दोघांना जड जातं. व्हिसा ५० डॉलर. फेब्रुवारीत विल्डबीस्टची पिल्लं दक्षिण सेरेंगेटीत जन्मतात आणि त्यांच्यामागे चित्ते येतात, ते पाहायचं तर टांझानिया. आबांच्या यादीत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरमध्ये डांबरी रस्ते आहेत, स्वतः गाडी चालवता येते, रोजचा खर्च केनियापेक्षा कमी पडतो. पण व्हिसाची कागदपत्रं भरपूर, मुंबईहून विमान बदलून जावं लागतं, आणि बासष्टाव्या वर्षी आबांनी अनोळखी देशात स्टिअरिंगवर बसावं असं काकूंना वाटत नाही.

आणि दीडशे डॉलरहून कमी पैशांत

कागद बाजूला ठेवून मी आबांना विचारलं, "गीर पाहिलंय?" नव्हतं पाहिलं. चाळीस वर्षं गुजरातेत राहून नाही. सोमनाथला दोनदा जाऊन आले होते, गीरचं सासण तिथून दीड तासावर. "राहिलंच ते," म्हणाले.

आफ्रिकेबाहेर रानात मोकळा सिंह जगात फक्त इथे आहे. २०२० मध्ये ६७४ होते, मे २०२५ च्या गणतीत ८९१ झाले. त्यातले निम्म्याच्या आसपास आता अभयारण्याच्या हद्दीबाहेर, शेतांत, माळांवर, अमरेली-भावनगरकडे फिरतात. सासणजवळ जांबूर नावाचं गाव आहे, तिथे सिद्दी लोक राहतात. पूर्वज आफ्रिकेचे, बोली गुजराती.

चौघांचा खर्च असा. बांद्र्याहून वेरावळला जाणारी गाडी सुरतवरून जाते. थ्री एसीने जुनागढ, जाऊन-येऊन चौघांचे ८,०००. जुनागढ–सासण टॅक्सी दोन्ही वेळची ५,०००. दोन खोल्या दोन रात्री, चार हजारांच्या भावाने १६,०००. दोन जिप्सी सफारी ८,०००. देवळियाच्या कुंपणातल्या बस सफारीचे ८००. जेवण ६,०००. एकूण ४३,८००, माणशी अकरा हजारांच्या आत.

जिप्सीचे चार हजार म्हणजे परमिट, गाइड आणि गाडी मिळून, सगळं सरकारी दराने. सहा जणांपर्यंत तेवढ्यातच. परमिट वनखात्याच्या गीर लायन साइटवर तीन महिने आधी खुलं होतं आणि दिवाळीच्या तारखा बघता बघता संपतात. मग "आतून" परमिट काढून देणारे भेटतात, आठ हजार, दहा हजार, सांगाल तेवढे. सासणच्या बसस्टँडसमोर एकाने मला नऊ हजारांत दिलं होतं. गेटवर ओळखपत्र मागितलं तेव्हा कळलं की परमिटवर भलत्याच माणसाचं नाव आहे. गाडी परत फिरली, पैसे गेले. परमिटवर चौघांची नावं आधारवर आहेत तशीच हवीत, "आबा" नव्हे.

गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. उघडल्या उघडल्या दिवाळी, म्हणजे इथेही तोच मामला: हॉटेलं तिप्पट, गवत उंच, सिंह गवतात. डिसेंबर-जानेवारीतला साधा मंगळवार-बुधवार घ्यायचा, शक्यतो सकाळची पहिली पाळी. फक्त देवळिया बुधवारी बंद असतं. देवळिया म्हणजे ४१२ हेक्टरांचं कुंपणाआतलं रान, बसमधून फिरवतात, सिंह जवळजवळ हमखास दिसतो. लहान मुलं आणि घाईतले लोक तिथे खूश असतात. मला ते मोठ्या पिंजऱ्यासारखं वाटतं, पण खऱ्या सफारीत सिंह दिसला नाही तर घरच्यांची तोंडं बघवत नाहीत, म्हणून आठशे रुपये हिशोबात धरले आहेत.

गीरची मर्यादाही सांगायला हवी. सफारी तीन तासांची, मार्ग तुम्ही निवडत नाही, तो वाटून दिला जातो. मारात बारा तास मोकळे. मी तासाचा भाव काढला: गीरमध्ये चौघांचे मिळून साधारण १,३०० रुपये तास. मारात शंभर डॉलरच्या मोसमात फी आणि लँड क्रूझर मिळून ४,९०० तास, दोनशेच्या मोसमात ७,९००. मात्र मारात एका सकाळीत सिंह, हत्ती, चित्ता, जिराफ एकापाठोपाठ दिसतील. गीरमध्ये तीन तासांत चितळ, मोर, निलगाय, आणि नशीब असेल तर एक सिंहीण.

पण ती एक कशी दिसते ते सांगतो. जानेवारीची सकाळ, सात वाजले असतील. सागाची पानं एवढी वाळलेली की मुंगूस गेलं तरी आवाज व्हावा. ट्रॅकर हातात काठी घेऊन पायीच उभा होता. त्याने मान किंचित हलवली आणि आमच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सिंहीण गाडीवाटेच्या मधोमध आमच्याकडेच चालत येत होती. कोपरावर केसांचे झुबके, पोटाखाली लोंबणारी कातडीची घडी, जी आशियाई सिंहांचीच खूण. बॉनेटपासून चार हातांवर आली तेव्हा तिच्या नाकावरचे ओरखडे मोजता आले असते. आमचा गाइड ओठ न हलवता म्हणाला, "हलता नहीं." तिने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाजूने गेली, आणि धुळीत पंजे उमटले ते आमच्या टायरच्या खुणांवर.

इथे पंचवीस मीटर मोजायला कोणी नव्हतं. ते अंतर तिने ठरवलं होतं.

स्वतःची गाडी असेल तर आणखी एक वाट आहे. हजिऱ्याहून घोघ्याला रो-पॅक्स बोट जाते, नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. खंबातच्या आखाताला वळसा घालून रस्त्याने ३७० किलोमीटर होतात, समुद्रातून नव्वद. गाडी बोटीत घाला, तीन-चार तासांत भावनगरकडे. तिथून वेळावदर जवळच. चौतीस चौरस किलोमीटरचं सपाट गवताळ रान, काळवीटं शेकड्याने, नशिबात असेल तर लांडगा. आफ्रिकेचं गवत कसं दिसतं याची चव तिथे मिळते आणि गर्दी गीरच्या पावपटही नसते. एक मुक्काम तिथे करून मग सासण. बोट भरती-ओहोटी आणि हवामानानुसार रद्द होते, म्हणून परतीच्या दिवशी तिच्या भरवशावर कोणतंही लग्न ठेवू नका.

वाघ हवा असेल तर सुरतहून ताप्ती लाइननेच नवजीवन एक्स्प्रेस चंद्रपूरकडे जाते आणि पुढे ताडोबा. वाटेत जळगाव-भुसावळ, म्हणजे अर्ध्या गाडीत ओळखीचे. तो हिशोब पुन्हा कधीतरी.

आबांनी सगळं ऐकलं, डबी उचलली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली. डिसेंबरातला मंगळवार आणि सकाळची पाळी त्यांनी थोरल्याला फोन करून तिथल्या तिथे सांगितली. केनियाचं जूनमध्ये बघू म्हणाले. लशीची तारीख मात्र आत्ताच विचारून ठेव, असंही म्हणाले.

काकू बाहेर आल्या, हात पदराला पुसत. "जूनला तिकडे थंडी असते ना? मग स्टीलचे डबे किती न्यायचे ते सांग. आणि ती दुमडलेली नोट चालत नाही म्हणालास, ती किती दुमडलेली?"